खानदेशात जुनी गाडी घेताना: पत्रा चांगला, कागद अवघड

मुंबई-पुण्याहून जुन्या गाडीच्या शोधात जळगाव-धुळ्याकडे आलेला माणूस पहिल्या दिवशी एकदम खूश असतो. पन्नाशीच्या आसपासची फियाट, आणि तळपत्रा अजून शाबूत! समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्या पाहून आलेल्याला हे खरं वाटत नाही. आपल्याकडे हवा कोरडी, पाऊस बेताचा, त्यामुळे लोखंड टिकतं. दुसऱ्या दिवशी तो आरसी बुक मागतो आणि तिथून खरी कहाणी सुरू होते. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस पाच, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बुकावर बोजा अशा पतसंस्थेचा जी स्वतःच बुडाली.

म्हणून खानदेशात जुनी गाडी घेण्याचा क्रम इतर ठिकाणांपेक्षा उलटा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आधी कागद, मग पत्रा, सगळ्यात शेवटी इंजिन. इंजिन बांधून देणारा फिटर जळगावात, भुसावळला, धुळ्याला आजही मिळतो. रुसलेल्या चुलतभावाची सही आणून देणारा फिटर अजून जन्मायचा आहे.

पहिली पायरी: कोणती गाडी

कायद्याने एक रेघ आखलेली आहे, ती आधी लक्षात घ्या. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ही ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. केंद्राचे हे नियम जुलै २०२१ मध्ये आले. त्याहून तरुण गाड्या शौकीन लोक ‘क्लासिक’ म्हणतात, पण आरटीओच्या लेखी ती फक्त जुनी गाडी असते.

नवख्याने फियाटपासून सुरुवात करावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं साधं इंजिन, स्टीअरिंगला गिअर, सुटे भाग अजून मिळतात, आणि पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही मेकॅनिकने आयुष्यात कधीतरी तिचं कार्ब्युरेटर खोललेलं असतं. तालुक्याच्या गावी डॉक्टर, वकील आणि अडत्ये यांची गाडी म्हणजे फियाट, त्यामुळे एकाच हातात राहिलेल्या, जपून वापरलेल्या गाड्या इथे अजून सापडतात.

अँबॅसडर ही दुसरी निवड. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, म्हणजे भागांची टंचाई नाही. पण आपल्याकडे एक गोची आहे. डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवून घेण्याची एकेकाळी साथच आली होती. ‘डिझेल टाकलेली आहे, लई ॲव्हरेज देते’ असं मालक अभिमानाने सांगतो, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात किंमत खाली आणायची. मूळ १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असलेली मार्क टू मिळाली तर मात्र बारकाईने बघा.

जीपचा मोह सगळ्यांना होतो. महिंद्राने १९४९ मध्ये विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, आणि पुढची उंच बॉनेटची सीजे थ्री बी सातपुड्याच्या पायथ्याशी घरोघरी दिसायची. अडचण अशी की खानदेशातली जीप म्हणजे पुढे काळी-पिवळी झालेली, चेसिस वाढवलेली, इंजिन बदललेली, एका जीपला तीन जीपांचे भाग जोडलेली गाडी असते. कोणी ‘लष्कराच्या डिस्पोजलची, दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून विकत असेल तर समोरची जाळी मोजा. युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असत, नागरी सीजेला सात. जाळी बदलता येते हे खरं, पण निम्मे थापाडे तिथेच गळतात.

मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड देखणी आहे, अख्खं बॉनेट पुढे उलटतं, ९४८ सीसीचं इंजिन उघडं समोर येतं. पण भाग शोधताना दम निघतो. पहिली गाडी म्हणून नको. युद्धापूर्वीच्या फोर्ड, शेव्हरोले, ऑस्टिन अमळनेर-धुळ्याच्या गिरणीवाल्यांच्या काळात इथे आल्या, त्यातल्या काही अजून वाड्यांत झाकून ठेवलेल्या आहेत. त्या पाहायला जरूर जा. घ्यायला दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या वेळी जा.

मारुती ८०० चं डिसेंबर १९८३ पासूनचं पहिलं रूप, काँटेसा, प्रीमियर ११८ एनई यांची पन्नाशी अजून दूर आहे. पण एकहाती, न छेडलेली मिळाली तर या गाड्यांकडे आतापासून लक्ष ठेवण्यात शहाणपण आहे.

दुसरी पायरी: शोध

मोबाईलवरच्या जाहिराती पाहून भावाचा अंदाज येतो, गाडी क्वचित मिळते. खरी माहिती असते ती रेडिएटरवाल्याकडे, बॅटरीवाल्याकडे, सीट कव्हर शिवणाऱ्याकडे आणि निवृत्त ड्रायव्हरकडे. कोणाच्या घरी गोणपाटाखाली काय पडलंय हे या लोकांना तोंडपाठ असतं. जुना वाडा पाडून इमारत उठायची असते तेव्हा गाड्या बाहेर येतात. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात, चोपडा-शिरपूरकडे, नंदुरबार-दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्यांकडे, जिनिंगच्या आवारात चौकशी करा.

पहिल्या भेटीत पैशांचं नाव काढू नका. नाना, आप्पा, आबा जे कोणी घरातले वडीलधारे असतील त्यांच्याशेजारी बसा, चहा घ्या, गाडी कधी आली, कुठून आली ते विचारा. ‘बापनी गाडी शे, इकनी नही,’ म्हणजे वडिलांची गाडी आहे, विकायची नाही, असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते पहिलं उत्तर असतंच. गाडीला ‘भंगार’ म्हणून भाव पाडायचा शहाणपणा करणाऱ्याला मात्र दुसऱ्यांदा दार उघडत नाही.

सरकारी लिलावातली पांढरी अँबॅसडर स्वस्तात उचलू, असा बेत असेल तर सोडून द्या. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, त्या गाड्या स्क्रॅपिंग केंद्राकडेच जायच्या असतात. खासगी गाडीला मात्र हे लागू नाही. ‘पंधरा वर्षं झाली, आता सरकार गाडी जप्त करणार’ अशी भीती घालून भंगारवाले म्हाताऱ्या माणसांकडून चांगल्या गाड्या कवडीमोलाने नेतात. वयावरून सरसकट बंदी दिल्ली परिसरात आली. आपल्याकडे तपासणी पास झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते.

तिसरी पायरी: कागद

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

मूळ आरसी बुक हातात घ्या. झेरॉक्सवर किंवा मोबाईलमधल्या फोटोवर बोलणी करू नका. १९८९ पूर्वीच्या गाड्यांना तीन अक्षरी मालिकेचे नंबर असत, महाराष्ट्र झाल्यानंतर बहुधा एम अक्षराने सुरू होणारे. असा मूळ नंबर टिकून असणं ही गाडीची अर्धी शान. बुकातलं मालकाचं नाव, इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन, कराच्या नोंदी आणि नोंदणीची मुदत कुठपर्यंत आहे ते पानापानाने वाचा. मग गाडीवरचे नंबर स्वतः पाहा. कागद ठेवून पेन्सिल घासून चेसिसचा छाप घ्या. अंक एका ओळीत, एका खोलीचे, एका ठशाचे हवेत. आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा फक्त तेवढाच ताजा रंगवलेला असेल तर मालक कितीही भला माणूस असला तरी निघून या.

पुढचा प्रश्न ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी पोर्टलचा. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद कागदी रजिस्टरातच राहिली, संगणकावर आलीच नाही. ऑनलाइन नंबर टाकल्यावर काही दिसत नाही म्हणून गाडी खोटी असं होत नाही. ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्रीचा, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्याचा, अर्ज करावा लागतो. तो विकणाऱ्याने करायचा, आणि तुमचे पूर्ण पैसे देण्याआधी. नोंद चढल्याशिवाय नाव बदलत नाही, मुदत वाढत नाही. जळगाव एमएच १९, धुळे एमएच १८, नंदुरबार एमएच ३९ ही आजची विभागणी झाली, पण नंदुरबार जिल्हाच १९९८ चा, तेव्हा तिथल्या जुन्या गाडीचं रजिस्टर धुळ्याला शोधावं लागू शकतं.

मालक हयात असेल तर काम सोपं. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत नेणार असाल तर फॉर्म २८ ची नाहरकत, सोबत चालू विमा आणि पीयूसी. मालक वारलेला असेल तर थेट तुमच्या नावावर गाडी येत नाही असंच धरून चाला. आधी ती वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढते, मग वारस तुम्हाला विकतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची नाहरकत लागते. मेलेल्या माणसाच्या जुन्या सह्यांचे कोरे फॉर्म जपून ठेवलेले असतात आणि ‘यावरच करून घेऊ’ असं एजंट सांगतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात अडकणार तुम्ही, एजंट नाही.

वारसांच्या बाबतीत आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे बहिणींना न विचारणं. ‘त्या दिल्या घरी गेल्या, त्यांची सही काय करायची?’ असं भाऊ म्हणतात. हिंदू वारसा कायद्यात विधवा पत्नी, मुलगे आणि मुली एकाच वर्गात येतात. सुरतेला दिलेल्या बहिणीने उद्या हरकत घेतली तर गाडी तुमच्या शेडमध्ये आणि तुम्ही तारखांवर. यावर माझा एकच उपाय आहे, आखाजी. अक्षय तृतीयेला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, पोटापाण्यासाठी पुण्या-नाशकाला गेलेले भाऊही गावात असतात. वर्षातले हे दोन-तीन दिवसच सगळे वारस एका छपराखाली सापडतात. स्टॅम्प पेपर, मजकूर, नोटरीची वेळ आधीच ठरवून ठेवा. फक्त सणाच्या दिवशी विषय काढू नका. त्या दिवशी पितरांची घागर भरली जाते, आणि गाडी ज्या आजोबांच्या नावावर आहे ती घागर त्यांचीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पुरणाची सुस्ती उतरल्यावर जा.

बोजा हा आणखी एक खड्डा. बुकावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव असेल तर कर्ज फिटलं असलं तरी फॉर्म ३५ वर त्यांच्या सहीशिवाय ते नाव निघत नाही. संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे जायचं, अवसायनात निघाली असेल तर अवसायकाकडे, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. जिल्ह्यात बुडालेल्या पतसंस्था थोड्या नाहीत, त्यामुळे हे काम महिन्यांच्या हिशेबाने धरा आणि विकणाऱ्याच्या गळ्यात ठेवा.

सीमेपलीकडच्या गाड्या इथे सर्रास फिरतात. नवापूरच्या पलीकडे गुजरात, रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर. परराज्यातला नंबर असेल तर नाहरकत, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हे सगळं आलं. दिल्लीहून वयोमर्यादेमुळे स्वस्तात निघालेल्या गाड्यांचंही तेच. भाव ऐकून हुरळण्याआधी हा खर्च मांडून पाहा. चोरीची गाडी नाही ना, यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) पोर्टलवर तपासणी होते. ई-चलनही बघून घ्या. गोठ्यात उभ्या गाडीला चलन कसं येईल असं वाटतं, पण तिचा नंबर दुसऱ्या कुणाच्या गाडीवर फिरत असेल तर येतं.

कागद अजिबात नसलेली गाडी सुट्या भागांच्या भावाने घ्यावी, नाहीतर घेऊच नये. ‘कागद होऊन जातील’ या वाक्याला मी शून्य रुपये देतो.

चौथी पायरी: पत्रा

सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. रात्री आधी फोन करून ‘गाडी चालू करू नका’ एवढं सांगा. सोबत टॉर्च, लहान लोहचुंबक, मऊ फडकं आणि खाली आडवं व्हायला जुनी सतरंजी घ्या. पांढरा शर्ट घालून गाडी पाहायला आलेला माणूस गाडीखाली जाणार नाही हे विकणाऱ्याला लगेच कळतं.

फियाट आणि अँबॅसडर यांना वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच सांगाडा आहे, त्यामुळे तळपत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि जॅक लावायच्या जागा कुजल्या तर गाडीचा कणाच गेला. जीप आणि हेराल्डला स्वतंत्र चेसिस असते, तिथे वरचा पत्रा बदलून निभावतं. चुंबक फडक्यात गुंडाळून खालच्या भागांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, पायाखालच्या मॅटिंगखालचा पत्रा, सगळं उचलून पाहा.

आता खानदेशाची खास दुखणी. आपली हवा कोरडी असली तरी काळी माती कोरडी नसते. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात बसलेला चिकणमातीचा थर वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून चकचकीत मडगार्ड असेल तरी आत हात घालून माती उकरा. दुसरं, गाडी कुठे उभी होती ते पाहा. जिनिंगच्या कोरड्या गोदामात उभी असलेली गाडी आणि गोठ्याच्या टोकाला उभी असलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शेण-मुताची ओल आणि त्यातला अमोनिया तळाला सोडत नाही. तिसरं, डिकी. युरियाच्या, सुपर फॉस्फेटच्या गोण्या वाहिलेल्या डिकीत खत सांडलेलं असतं, ते ओलावा ओढून घेतं आणि पत्र्याची चाळणी करतं. शेतकऱ्याची अँबॅसडर घेताना डिकीचं मॅटिंग काढल्याशिवाय सौदा नाही.

आणि उन्हाने मेलेल्या गोष्टी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तिथे काचेची रबरं, दाराचं बीडिंग, डॅशबोर्ड, सीट, वायरींवरचं आवरण काही टिकत नाही. वरून खारी आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. अख्खं वायरिंग नवं टाकावं लागेल असं गृहीतच धरा. क्रोमची पट्टी, मूळ दिवे, चाकाच्या टोप्या, मूळ स्टीअरिंग, मीटर हे जागेवर आहे का त्याची यादी करा. नवख्याला इंजिनाची भीती वाटते, पण जळालेली पिस्टन रिंग बाजारात मिळते, हरवलेला मागचा मूळ दिवा शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट पालथं घालावं लागतं.

पाचवी पायरी: इंजिन आणि चक्कर

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही, मालकाचा मुलगा कितीही उत्साहात असला तरी. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही तास थांबा आणि हँडलने इंजिन हाताने फिरवा. फिरलं तर अर्धं जिंकलात. जुनं ऑइल काढून नवं घाला. टाकीतलं पेट्रोल वापरू नका, ते केव्हाच सडून डिंक झालेलं असतं. बाटलीतून ताजं पेट्रोल जोडा.

चालू झाल्यावर धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय, गरम झाल्यावरही सतत पांढरा येत असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जातंय. रेडिएटरचं झाकण मात्र सुरू करण्याआधी, इंजिन थंड असतानाच काढून आत पाहायचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरवेलचं क्षाराचं पाणी घातलेलं असतं, ब्लॉकच्या आत पांढरा थर बसतो आणि मग रेडिएटर नवा टाकला तरी गाडी तापतेच. थर्मोस्टॅट बहुतेक कोणीतरी काढून फेकलेला असतो.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, गेलीय. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, पॅडल हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर किंवा चाकातला सिलिंडर गळतोय. ब्रेकची खात्री होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नका. टायरची नक्षी पाहून फसू नका, बाजूवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. ती नसेल तर टायर २००० च्या आधीचा.

सहावी पायरी: पैसे आणि ताबा

किंमत तीन रकमांत मांडा, गाडीची, कागदांची आणि कामाची. बहुतेक वेळा तिसरी पहिलीपेक्षा मोठी निघते. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे.

इसार द्या, पण पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कोणते कागद कोणी किती दिवसांत आणायचे आणि नाही आणले तर इसार परत, हे लिहून घ्या. मोठी रक्कम बँकेतून, काही भाग नाव चढेपर्यंत राखून. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही टाका. नाव बदलेपर्यंत कायदा आरसीवरच्या मालकालाच धरतो, म्हणून शहाणा विकणाराही ही वेळ मागतो. तृतीयपक्ष विमा त्याच दिवशी घ्या. जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा फोटो, बिलं आणि भागांची यादी जमवून ठेवा.

गाडी चालवत घरी नेण्याचा हट्ट नको. फोटो छान येतात, पण कसारा घाटाच्या उतारावर पन्नास वर्षं जुन्या ब्रेकच्या रबराची परीक्षा घेण्याचं कारण नाही. सपाट हौद्याचा ट्रक बोलवा.

सातवी पायरी: साधी नोंदणी की विंटेज

५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला विंटेज नोंदणी घेता येते. फॉर्म २० वर अर्ज, विमा, जुनं आरसी, आयात गाडी असेल तर आयातीचा कागद, आणि २० हजार रुपये शुल्क. नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, पण आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर राखू शकते. अट अशी की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

साध्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी तपासणी करून होतं. त्यात पर्यावरण कर येतो, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १० हजार झालं. तरीही नोंदणी चालू असेल आणि रविवारी पाटणादेवीला, उनपदेवला पोरांना घेऊन जायची हौस असेल तर साधीच ठेवा. जी गाडी फक्त रॅलीला निघणार तिच्यासाठी व्हीए ठीक. सुरक्षा नंबर प्लेट जुन्या गाडीलाही लागते, मग मूळ हाताने रंगवलेली पाटी घरात टांगा.

घरी आल्यावर: ऊन आणि पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि कॉर्कची गॅस्केट त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ होतात, तडकतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा आगीचा सरळ रस्ता आहे. इंधनाचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाका, पंपाचा डायफ्रॅम बदला, कार्ब्युरेटरआधी पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटरची चक्कर मारलीत तर यातल्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

उन्हाळ्यात दुसरा त्रास. यांत्रिक पंप इंजिनाला चिकटून असतो, तो तापला की पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी टोल नाक्यावर बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, तो उपाय आजही चालतो. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर वळवला तर आणखी बरं. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी. प्लास्टिकचं कव्हर शेडमध्येही घालू नका, आत घाम धरतो, सुती कापड वापरा. बॅटरीची एक तार काढून ठेवा आणि खारींसाठी सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, मात्र सुरू करताना तो काढायची चिठ्ठी स्टीअरिंगवर अडकवा.

गाडी फिरवायची ती दिवाळी ते होळी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच काढायचीच नाही. काढावीच लागली तर डिकीत पाण्याचा कॅन, फडकं, फॅन बेल्ट, इग्निशनच्या पॉइंट आणि कंडेन्सरचा जादा सेट हवा.